एका शिलिंगाचा अभिप्राय

बिल्बो बॅगिन्स नावाचा एक हॉबिट, म्हणजे माणसासारखाच पण ठेंगणा असा गोष्टीतला जीव, आपल्या बिळात राहायचा आणि साहसाच्या वाटेला कधी जायचा नाही. शेवटी गॅन्डाल्फ जादूगाराने आणि त्याच्या बुटक्यांनी त्याला तयार केलं. मग गॉब्लिन आणि वार्ग यांच्याशी लढण्यात त्याचे दिवस मोठे मजेत गेले. सगळे त्या एकाकी डोंगराशी पोचले, डोंगर राखणारा स्मॉग ड्रॅगन मारला गेला, घनघोर लढाई झाली आणि बिल्बो घरी परतला. श्रीमंत होऊन!

३० ऑक्टोबर १९३६ या तारखेच्या एका कागदावरचा हा मजकूर, माझ्या शब्दांत. पुढे शिफारस आहे: नकाशे असतील तर या पुस्तकाला चित्रांची गरज नाही, पुस्तक चांगलं आहे आणि ५ ते ९ वर्षांच्या सगळ्या मुलांना आवडावं. खाली नाव, रेनर अन्विन. लिहिणारा तेव्हा १० वर्षांचा होता, अकरावा वाढदिवस पावणेदोन महिन्यांवर आलेला. या कामाबद्दल त्याच्या प्रकाशक वडिलांनी त्याला एक शिलिंग दिला.

मूळ इंग्रजीत स्पेलिंगचा आनंदच आहे. 'एक्सायटिंग'मधला 'सी' गळालाय, 'लोन्ली'मधली अक्षरं मागेपुढे झालीत, आणि 'गार्ड्स'मध्ये 'डब्ल्यू' कुठून आला हे त्या ड्रॅगनलाच ठाऊक. पण याच कागदाच्या जोरावर २१ सप्टेंबर १९३७ ला 'द हॉबिट' प्रसिद्ध झालं. किंमत साडेसात शिलिंग. म्हणजे ज्याने पुस्तक पास केलं त्याच्या मानधनात पुस्तकाचा सातवा हिस्साही आला नसता. पहिली १,५०० प्रतींची आवृत्ती डिसेंबरच्या मध्यापर्यंत संपली.

ही गोष्ट बहुतेक वेळा परीकथेसारखी सांगितली जाते. पोराने मान डोलावली आणि जगाला एक अजरामर कादंबरी मिळाली, वगैरे. मला त्या कागदाकडे जरा वेगळ्या कारणाने बघावंसं वाटलं. दहा वर्षांचा मुलगा एखादी कादंबरी 'वाचाच' म्हणून सांगतो तेव्हा त्यातलं नेमकं काय खरं मानायचं? कारण या कागदातला जवळजवळ प्रत्येक तपशील पुढे चुकीचा ठरला आहे.

हस्तलिखित टेबलावर आलं कसं

जे. आर. आर. टॉल्किन हे ऑक्सफर्डमध्ये प्राचीन इंग्रजीचे प्राध्यापक. उन्हाळ्यात जादा पैशांसाठी शालान्त परीक्षेचे पेपर तपासत बसायचे. एका उत्तरपत्रिकेत एक पान कोरं निघालं आणि त्यावर त्यांनी एक वाक्य खरडलं, जमिनीतल्या एका बिळात एक हॉबिट राहत होता, अशा अर्थाचं. हॉबिट म्हणजे काय हे तेव्हा त्यांनाही माहीत नव्हतं. (पेपर तपासताना कोऱ्या पानाचा आनंद काय असतो हे शिक्षकांना वेगळं सांगायला नको.)

गोष्ट वाढली ती घरातल्या मुलांसमोर. थंडीच्या दिवसांत संध्याकाळच्या चहानंतर टॉल्किन ती जॉन, मायकल आणि ख्रिस्तोफर या तिघांना वाचून दाखवत. सर्वांत धाकटा ख्रिस्तोफर हा भलताच चिकित्सक श्रोता होता. मागच्या वेळी दार निळं होतं, आज हिरवं कसं? टोपीचा गोंडा सोनेरी होता, तो चंदेरी कधी झाला? वडील चरफडले, पण उठून त्यांनी ते टिपून ठेवलं, अशी आठवण त्याने नंतर लिहिली आहे. पुस्तक आल्यावर डिसेंबर १९३७ मध्ये याच ख्रिस्तोफरने फादर ख्रिसमसला पत्र लिहून 'द हॉबिट'ची शिफारस केली, नाताळच्या भेटीसाठी चांगलं पुस्तक आहे म्हणून. शेवटची प्रकरणं बरेच दिवस कच्चीच होती, टाइपही केलेली नव्हती, ही घरची बातमीही त्याने त्या पत्रात फोडली आहे. बापाच्या पुस्तकाची इतकी प्रामाणिक जाहिरात दुसऱ्या कुणी केली नसेल.

तर असं ते अर्धवट टाइप केलेलं बाड ऑक्सफर्डमध्ये या हातातून त्या हातात फिरत होतं. टॉल्किन यांची विद्यार्थिनी इलेन ग्रिफिथ्स हिने ते वाचलं होतं. तिच्याकडे 'बेओवुल्फ' या प्राचीन इंग्रजी काव्याच्या एका जुन्या भाषांतराच्या कामासाठी अ‍ॅलन अँड अन्विन या प्रकाशनसंस्थेतल्या सुझन डॅग्नल आल्या. ग्रिफिथ्सने त्यांना सांगितलं, ते हॉबिटचं बाड मिळालं तर वाचा. डॅग्नल यांनी वाचलं आणि टॉल्किन यांना पूर्ण करायला लावलं. ३ ऑक्टोबर १९३६ ला पूर्ण हस्तलिखित प्रकाशकाकडे गेलं.

पोराच्या कौतुकात या दोघी बाजूला पडतात, ते बरोबर नाही. रेनरच्या हातात पुस्तक येईपर्यंत दोन तरुण बायकांनी ते तोलून पाहिलं होतं. मुलाचा होकार ही साखळीतली शेवटची कडी होती.

वडील स्टॅन्ली अन्विन यांचं म्हणणं साधं होतं: मुलांच्या पुस्तकांचे परीक्षक मुलंच. म्हणून मुलांचं हस्तलिखित आलं की घरी न्यायचं, पोराला वाचायला द्यायचं, लेखी अभिप्राय घ्यायचा, ठरलेला शिलिंग द्यायचा. रेनरने मोठेपणी सांगितल्याप्रमाणे तेव्हा दुसरं मत घेण्याची भानगड नव्हती. त्याने छापण्यासारखं आहे म्हटलं की पुस्तक छापलं जायचं. ही प्रकाशनसंस्था काही मुलांच्या पुस्तकांसाठी ओळखली जाणारी नव्हती. राधाकृष्णन यांचं 'इंडियन फिलॉसफी' १९२३ मध्ये छापलं ते यांनीच. आपल्याकडच्या जुन्या प्राध्यापकांच्या कपाटात या प्रकाशकाचं नाव असलेला एखादा जाड ग्रंथ हमखास सापडेल. तत्त्वज्ञानासाठी मोठमोठे विद्वान आणि ड्रॅगनसाठी घरचं पोर, अशी कामाची वाटणी. मला ती अगदी योग्य वाटते.

काय चुकलं

आधी चित्रांचं बघू. रेनर म्हणाला, चित्रं नकोत. छापताना मात्र टॉल्किन यांनी स्वतः काढलेली दहा काळी-पांढरी चित्रं आत गेली, दोन नकाशे गेले, वेष्टनही त्यांनीच रंगवलं. डिसेंबरातल्या दुसऱ्या छपाईत रंगीत चित्रंही आली. थोडक्यात, संपादकीय सल्ला सरळ बाजूला ठेवला गेला आणि ते बरंच झालं. पण त्या वाक्यात एक गोष्ट बरोबर पकडलेली होती, ती म्हणजे नकाशे. गोष्ट चालत-चालत पुढे जाते, वाचणाऱ्याचं बोट नकाशावरून सरकत राहतं, आणि ते बोट हवंच. चित्रांविषयीचं मत दिलं म्हणून दिलेलं, नकाशाविषयीचं मात्र वाचताना आलेलं, असा मला त्यात फरक दिसतो.

मग अंगठी. पुढे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तीन खंड ज्या अंगठीभोवती फिरले तिचा या अभिप्रायात उल्लेखसुद्धा नाही. ती अंगठी आधी ज्याच्याकडे होती तो गुहेतला गोलम नाही, त्याचा आणि बिल्बोचा अंधारातला कोड्यांचा खेळ नाही. आज कुणालाही या कादंबरीतला एक प्रसंग सांगायला लावा, दहातले सातजण तोच सांगतील असं मला वाटतं. रेनरने तो गाळला. अर्थात १९३७ च्या आवृत्तीतली अंगठी ही गायब करणारी एक जादूची वस्तू होती, तेवढीच. तिचं महत्त्व टॉल्किन यांनाही नंतर उमगलं आणि गोलमचं ते प्रकरण त्यांनी १९५१ च्या आवृत्तीत बदललं. लेखकालाच जे दिसलं नव्हतं ते पोराला का दिसलं नाही म्हणणं अन्यायाचं होईल. पण एवढं खरं, की पुस्तकात पुढे कशाला पालवी फुटणार आहे हे सांगणं या कागदाला जमलेलं नाही.

आणि तिसरं, माझ्या मते सर्वांत मजेशीर: ५ ते ९. लिहिणारा स्वतः १० वर्षांचा. पुस्तक आवडलंय, उद्गारचिन्हासकट आवडलंय, पण ते कुणासाठी? आपल्याहून लहान मुलांसाठी.

ही गंमत मला कळली ती आमच्या वाचनालयात. सोसायटीच्या तळमजल्यावर रविवारी सकाळी मी ते चालवतो. दोन लोखंडी कपाटं, एक सतरंजी, एक रजिस्टर. रजिस्टरमध्ये पूर्वी एक रकाना होता, 'या पुस्तकातून काय शिकलात?' हा रकाना मीच आखला होता, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कुणी नाही. मुलं इमानदारीत लिहायची: नेहमी खरे बोलावे. मोठ्यांचा मान राखावा. फास्टर फेणेच्या एका पुस्तकापुढे, ज्यात हा पोरगा घरी न सांगता सायकल दामटत सुटतो, तिथेही एकाने लिहून ठेवलं होतं, 'आई-वडिलांची आज्ञा पाळावी.' शाळेतल्या पुस्तक-परिचयाची भाषा ती. मुलांच्या डोक्यात तिचा एक वेगळा कप्पा असतो, रकाना दिसला की कप्पा उघडतो.

मग तो रकाना खोडून मी 'हे कोणाला देशील?' असं लिहिलं. पहिले दोन रविवार कुणी काही लिहिलं नाही. नंतर सुरू झालं. पाचवीतला मुलगा: 'तिसरीच्या मुलांना.' सातवीतली मुलगी: 'पाचवीपर्यंत ठीक आहे.' त्यांनी स्वतः ते पुस्तक दोनदा नेलेलं असायचं, तारखा समोर दिसत होत्या. कोणीही 'माझ्या वयाच्यांना' लिहीत नाही. रेनरचं '५ ते ९' वाचलं तेव्हा मला हे सगळं रजिस्टर आठवलं. दहा वर्षांच्या माणसाला परीक्षक केलं की तो आधी आपण मोठे आहोत हे सिद्ध करतो. गोष्टीतल्या जादूगारावर आपला जीव जडला हे लेखी द्यायचं म्हणजे पंचाईत, म्हणून तो जीव धाकट्या भावाच्या नावावर टाकून मोकळा होतो. वयाचा आकडा त्याच्या संकोचाचा असतो. पुस्तकाच्या पाठीवर तो छापायला घेऊ नये.

त्याच रकान्यात सहावीतल्या एका मुलीने हरणाच्या पाडसाच्या एका जाडजूड कादंबरीसमोर लिहिलं: 'भावाला देईन. पण ते शेवटचं येईल तेव्हा मला आधी हाक मार असं सांगून.' मोठ्यांच्या परीक्षणात 'हृदयस्पर्शी शेवट' असतो. हिने शेवटी काय होतं ते सांगितलं नाही, पण तिथे एकट्याने जाऊ नये एवढं सांगितलं.

रेनरने मात्र शेवट फोडलाच. ड्रॅगन मरतो, नायक श्रीमंत होतो. ही बहुतेक लहान मुलांची पद्धत. आपण मोठे शेवट झाकतो, कारण उत्सुकता हाच पुस्तकाचा सगळा माल असं आपण धरून चालतो. मुलांना तसं वाटत नाही. तीच गोष्ट ते रोज रात्री मागतात. शेवट सांगणं म्हणजे त्यांच्या लेखी हमीपत्र असतं: लढाई आहे, पण तो जिवंत घरी येतो, काळजी नको, वाच.

याच पुस्तकावर २ ऑक्टोबर १९३७ ला टाइम्स लिटररी सप्लिमेंटमध्ये निनावी परीक्षण आलं. लिहिणारे होते सी. एस. लुईस, टॉल्किन यांचे मित्र. म्हणजे शिफारशीत ओळखीचा वास होताच, पण परीक्षण उत्तम आहे. त्यांनी म्हटलं, अगदी लहान वाचकांना यात सर्वांत जास्त गंमत वाटेल. दहाव्या-विसाव्या वाचनात, वर्षांनी, त्यांना कळेल की यामागे विद्वत्ता किती आहे. आणि भाकीत करणं धोक्याचं असलं तरी हे पुस्तक अभिजात ठरू शकेल. लुईस यांचं भाकीत खरं ठरलं, रेनरचं वयाचं खोटं. तरी पुस्तक छापायचं की नाही हे ठरवायला लुईस यांचा लेख उपयोगी पडला नसता. तो एक वर्ष उशिरा आला.

दुसरी, तिसरी, चौथी फेरी

एवढ्यावर हे प्रकरण संपलं असतं तर मी त्याला एक गोड योगायोग म्हटलं असतं. एका अचूक होकारावरून काही सिद्ध होत नाही. त्या शिलिंगांत इतर किती बाडं तरली नि किती बुडाली याचा हिशेब कुणी मांडत नाही; आठवतं ते जिंकलेलंच. पण पुढे जे झालं त्याने मामला वेगळा होतो.

पुस्तक खपलं तसा प्रकाशकाने हॉबिटांविषयी आणखी काही लिहा म्हणून तगादा लावला. टॉल्किन यांनी ऑक्टोबर १९३७ मध्ये कळवलं की हॉबिटांबद्दल आणखी काय सांगावं ते सुचत नाही. डिसेंबरात पहिलं प्रकरण झालं. फेब्रुवारी १९३८ मध्ये त्यांनी ते पाठवताना विनंती केली की अन्विन यांचा मुलगा हा फार भरवशाचा टीकाकार आहे, तो हे वाचेल का? ऑक्सफर्डचे प्राध्यापक ४६ वर्षांचे, भरवशाचे टीकाकार १२ वर्षांचे. टीकाकारांना प्रकरण आवडलं. पुढची दोन प्रकरणं वाचून त्यांची तक्रार आली, हॉबिटांची आपापसातली बडबड फार होतेय, गोष्ट अडते. टॉल्किन यांनी ती मान्य केली. आपल्याला ती बडबड लिहायला मनापासून आवडते, हीच अडचण आहे, असंही कबूल केलं. मला १९३६ च्या कागदापेक्षा ही तक्रार मोलाची वाटते. दोन वर्षांत मुलगा 'आवडावं' पासून 'इथे कंटाळा येतो' पर्यंत आला होता. दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा अवघड असतं, विशेषतः लेखक ओळखीचा असेल तर.

मग युद्ध आलं. कादंबरी रेंगाळली, फुगली, मुलांची राहिली नाही. १९४७ मध्ये रेनरने तिचा एक भाग वाचला. आता तो २१ वर्षांचा. त्याने लिहिलं की हे विचित्र आहे, पण विलक्षण आहे, खेचून नेणारं आहे. आणि खरं सांगायचं तर हे वाचणार कोण ते मला कळत नाही. मुलांच्या हातून यातलं काही निसटेल, मोठ्यांना कमीपणा वाटला नाही तर त्यांना मजा येईल. दहाव्या वर्षी '५ ते ९' असं ठणकावून सांगणारा माणूस एकविसाव्या वर्षी 'कुणासाठी ते माहीत नाही' म्हणतो. माझ्या मते त्याच्या सगळ्या अभिप्रायांतला हा सर्वांत प्रामाणिक, आणि त्यातही 'चांगलं आहे' तसंच शाबूत.

यानंतर टॉल्किन काही काळ दुसऱ्या प्रकाशकाकडे वळले. तिथे जमलं नाही. १९५२ मध्ये रेनर, आता वडिलांच्याच संस्थेत नोकरीला, ऑक्सफर्डला जाऊन पूर्ण बाड घेऊन आला. हिशेब मांडला तर संस्थेला १,००० पौंडांपर्यंत खोट बसेल असं दिसत होतं. वडील परदेशी होते. त्याने कळवलं: हे प्रतिभेचं काम आहे, पण हजार पौंड जाऊ शकतात. वडिलांचं उत्तर आलं की तुझा विश्वास असेल तर जाऊ देत हजार पौंड.

नुकसान गृहीत धरूनच करार झाला. लेखकाला नेहमीसारखी रॉयल्टी नाही. छपाईचा खर्च निघेपर्यंत काहीच नाही, आणि त्यानंतर नफा झालाच तर निम्मा. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा पहिला खंड जुलै १९५४ मध्ये आला, दुसरा नोव्हेंबरात, तिसरा ऑक्टोबर १९५५ मध्ये. रेनरचा तपशील याही वेळी चुकला होता. १९५६ च्या सुरुवातीला टॉल्किन यांना त्या निम्म्या नफ्याचा पहिला धनादेश मिळाला. तो साडेतीन हजार पौंडांहून जास्त होता, म्हणजे विद्यापीठ त्यांना वर्षभराचा जो पगार देत होतं त्याच्याही वर.